चिंतामणराव देशमुख : शिक्क्याआडचा उमेदवार

निवडणुकीस उभ्या राहिलेल्या माणसाविषयी दोन गोष्टी जाणून घेण्याचा अधिकार लोकांना असतो. त्याने आजवर काय केले ही पहिली, आणि सार्वजनिक प्रश्नांवर त्याची मते काय आहेत ही दुसरी. राष्ट्रपतीची निवड जनता थेट करीत नाही. संसदेचे आणि राज्य विधानसभांचे निर्वाचित सदस्य ती करतात. त्यामुळे या पदाच्या उमेदवाराचे चरित्र आणि त्याची मते यांची छाननी लोकांपुढे फारशी होत नाही. त्याला कोणी उभे केले एवढ्या एकाच माहितीवर त्याच्याविषयीचे मत ठरून जाते. १९६९ साली हे विशेष ठळकपणे घडले. त्या वर्षीच्या निवडणुकीतील तीन प्रमुख उमेदवारांपैकी तिसरे होते चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख. पाच दशकांच्या सार्वजनिक कर्तृत्वानंतर त्यांची ओळख स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांचा उमेदवार एवढ्यावर येऊन थांबली. हा शिक्का त्यांच्या आयुष्याशी कितपत जुळत होता, हे तपासून पाहिले पाहिजे. प्रश्न केवळ एका थोर माणसाच्या पराभवाचा नाही. पक्षाबाहेर राहून ज्याने देशाची सेवा केली, त्याला आपल्या लोकशाहीत कोणते स्थान आहे, हा त्यामागील खरा प्रश्न आहे.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात, महाडजवळील नाते या गावी झाला. वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे वकील होते. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातील हे घराणे मूळचे रोह्याकडचे. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत चिंतामणराव पहिले आले आणि संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. संस्कृतची ही गोडी पुढे आयुष्यभर टिकली. परंतु उच्च शिक्षणासाठी ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले तेव्हा त्यांनी विषय निवडले ते निसर्गविज्ञानाचे. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूशास्त्र यांचा अभ्यास करून १९१७ मध्ये त्यांनी पदवी घेतली आणि वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिकही पटकाविले. पुढच्याच वर्षी ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेस बसले आणि तीतही पहिले आले.

येथून पुढची सुमारे दोन दशके त्यांनी मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारच्या नोकरीत घालविली. रायपूर जिल्ह्याच्या जमाबंदीचे काम, जिल्ह्याचा कारभार, सचिवालयातील जबाबदाऱ्या आणि अखेरीस प्रांताच्या अर्थखात्याचे सचिवपद, असा हा प्रवास झाला. १९३१ साली लंडनमध्ये भरलेल्या दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिववर्गातही त्यांचा समावेश होता. ज्या काळात देशातील असंख्य तरुण कायदेभंग करून तुरुंगात जात होते, त्या काळात हा बुद्धिमान मराठी माणूस परकी सरकारच्या सेवेत होता, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. स्वातंत्र्यानंतर त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनी ती वेळोवेळी दाखवून दिली, आणि त्यांना लोकनेता म्हणून कधी स्थान मिळाले नाही याचे एक कारणही तेच आहे. मात्र जमाबंदीच्या आणि अर्थखात्याच्या कामात जे ज्ञान त्यांनी मिळविले, ते स्वतंत्र भारताच्या उपयोगी पडले, हेही तितकेच खरे.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले. बँक स्थापन होऊन तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. १९४१ मध्ये ते डेप्युटी गव्हर्नर झाले. १९४३ च्या आरंभी गव्हर्नर सर जेम्स टेलर यांचे निधन झाले आणि त्यांच्या जागी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चिंतामणरावांची नेमणूक झाली. या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. काळ महायुद्धाचा, महागाईचा आणि बंगालच्या भीषण दुष्काळाचा होता. युद्धखर्चापोटी ब्रिटन भारताचे देणे लागत होते आणि ही स्टर्लिंग शिल्लक एक हजार कोटी रुपयांच्या वर जाऊन पोहोचली होती. हे देणे बुडू नये किंवा कमी केले जाऊ नये, ही सर्व भारतीयांची चिंता होती. १९४४ साली अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांच्या स्थापनेसाठी परिषद भरली, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात चिंतामणराव होते. शिष्टमंडळाचे नेते व्हाइसरॉयच्या मंडळातील इंग्रज अर्थसदस्य जेरेमी रेसमन होते. तरीही षण्मुखम् चेट्टी, ए. डी. श्रॉफ आणि चिंतामणराव यांनी भारताची बाजू स्वतंत्र देशाची असावी अशा ताठपणे मांडली. स्टर्लिंग शिल्लकीचा प्रश्न परिषदेने हाती घेतला नाही, पण नाणेनिधीत भारताला चाळीस कोटी डॉलरचा हिस्सा मिळाला. सोव्हिएत रशिया निधीत सामील झाला नाही, आणि त्यामुळे भारत पहिल्या पाच मोठ्या सदस्यांत जाऊन बसला.

देशाची फाळणी झाली तेव्हा लष्कर, रेल्वे, कचेऱ्या यांच्याबरोबर मध्यवर्ती बँकेच्या मालमत्तेचीही वाटणी करावी लागली. ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक ही भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक होती. परस्परांत युद्ध चालू असलेल्या दोन देशांचा हिशेब एकाच संस्थेने ठेवावयाचा, असे हे विलक्षण अवघड काम होते. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक सरकारी मालकीची झाली आणि त्याच वर्षी बँकांवर नियंत्रण ठेवणारा सर्वंकष कायदा अमलात आला. जूनअखेर चिंतामणराव गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले. त्या वर्षी त्यांच्या इंग्रज पत्नीचेही निधन झाले.

नेहरूंनी त्यांना निवृत्त राहू दिले नाही. १९५० च्या मार्चमध्ये नियोजन मंडळ स्थापन झाले, त्यात चिंतामणराव सदस्य होते. या मंडळाला मिळू पाहणाऱ्या अधिकारांवरून अर्थमंत्री जॉन मथाई यांनी राजीनामा दिला आणि जून १९५० मध्ये अर्थखाते चिंतामणरावांकडे आले. ते कोणत्याही पक्षाचे कार्यकर्ते नव्हते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाब्यातून काँग्रेसचे उमेदवार म्हणून ते लोकसभेवर निवडून आले. तथापि पक्षाच्या अंतर्गत राजकारणात त्यांना रस नव्हता आणि स्थानही नव्हते. जानेवारी १९५३ मध्ये दुर्गाबाईंशी त्यांचा विवाह झाला. घटना समितीच्या सदस्य, नियोजन मंडळाच्या सदस्य आणि आंध्र महिला सभेच्या संस्थापक म्हणून दुर्गाबाईंचे कर्तृत्व स्वतंत्रपणे मोठे होते. नोंदणी पद्धतीने झालेल्या या साध्या विवाहास पंतप्रधान नेहरू साक्षीदार होते.

अर्थमंत्री म्हणून चिंतामणरावांनी जी धोरणे अमलात आणली ती नीट ध्यानात ठेवली पाहिजेत, कारण १९६९ च्या शिक्क्याची परीक्षा तेथेच होते. मृत व्यक्तीच्या मोठ्या संपत्तीवर कर बसविणारा इस्टेट ड्यूटीचा कायदा १९५३ साली त्यांनी संसदेत मंजूर करून घेतला. १९५५ मध्ये इम्पीरियल बँक सरकारने ताब्यात घेतली आणि १ जुलै रोजी स्टेट बँक ऑफ इंडिया अस्तित्वात आली. ग्रामीण भागात बँकेच्या शाखा पोहोचाव्यात हा तिचा एक प्रमुख हेतू होता. त्याच वर्षापासून केंद्राच्या अर्थसंकल्पाची कागदपत्रे हिंदीतही निघू लागली. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम काढून आयुर्विम्याचा धंदा सरकारने आपल्या हाती घेतला. देशी विमा कंपन्या १५४, परदेशी कंपन्या १६ आणि भविष्यनिर्वाह संस्था ७५, अशा २४५ संस्थांचा कारभार त्यामुळे सरकारकडे आला आणि त्यातूनच पुढे आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. त्या दिवशी नभोवाणीवरून हा निर्णय देशाला समजावून सांगणारे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख होते. कंपन्यांच्या कारभाराला शिस्त लावणारा १९५६ चा कंपनी कायदाही त्यांच्याच कारकिर्दीतला. यांपैकी एकही गोष्ट खासगी भांडवलाच्या अमर्याद स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या माणसाची नाही.

अर्थात त्यांना समाजवादी म्हणणेही चूक ठरेल. कोणत्याही पोथीवर त्यांची निष्ठा नव्हती. एखादा व्यवहार खासगी हातात राहिल्याने लोकांचे नुकसान होते असे आकडेवारीवरून दिसले, तर तो सरकारने घ्यावा. सरकारने घेतलाच, तर तो नीट हिशेबाने चालवावा, असा त्यांचा दृष्टिकोन होता. भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी १९४५ पासून जवळजवळ वीस वर्षे सांभाळले, आणि १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीला त्यांचा भक्कम पाठिंबा होता. आधी माहिती गोळा करावी आणि मग मत द्यावे, ही वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याची सवय त्यांनी राज्यकारभारात आणली होती.

आयुर्विम्याची घोषणा झाली त्याच आठवड्यात त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा सार्वजनिक मतभेद उभा राहिला. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये विदर्भ वगळून गुजराती व मराठी भाषकांचे एक द्विभाषिक मुंबई राज्य सुचविले होते. त्यानंतर महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर अशा तीन राज्यांची योजना पुढे आली. नोव्हेंबरमध्ये फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार होऊन माणसे मेली. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई शहर केंद्रशासित होणार असल्याचे नेहरूंनी जाहीर केले, आणि मुंबईत पुन्हा गोळीबार झाला. चिंतामणरावांनी त्याच महिन्यात आपला राजीनामा पंतप्रधानांकडे दिला. तो तूर्त बाजूला ठेवण्यात आला. पुढे जूनमध्ये मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीच्या वेळी, मुंबई पाच वर्षे केंद्राच्या ताब्यात राहील, असे नेहरूंनी सांगून टाकले. त्यानंतर मात्र चिंतामणराव थांबले नाहीत. जुलैअखेर त्यांचा राजीनामा मंजूर झाला आणि लोकसभेत त्यांनी त्याची कारणे सविस्तर सांगितली.

त्या निवेदनातील दोन मुद्दे भाषिक अभिमानापुरते मर्यादित नव्हते. मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता जाहीर करण्यात आला, हा पहिला मुद्दा. गोळीबारात इतकी माणसे मृत्युमुखी पडूनही सरकार न्यायालयीन चौकशीस तयार नव्हते, हा दुसरा. नेहरूंनी पहिला आरोप सभागृहात अमान्य केला आणि निर्णय योग्य रीतीनेच झाल्याचे सांगितले. यातील घटनात्मक बारकाव्यांविषयी दुमत होऊ शकेल. पण सामूहिक जबाबदारी म्हणजे एकाने ठरवावे आणि बाकीच्यांनी मान डोलवावी असे नव्हे, हे तत्त्व देशातील सर्वांत लोकप्रिय नेत्यासमोर उभे राहून एका मंत्र्याने मांडले, याला मोल आहे. जानेवारीत दिलेला राजीनामा जुलैपर्यंत का अडकला, ते तेव्हाच बाहेर का पडले नाहीत, असे त्यांना विचारणारे त्या वेळीही होते. तो आक्षेप अगदीच निराधार म्हणता येणार नाही. तरीसुद्धा मुंबईसाठी केंद्रातील अर्थमंत्रिपद सोडणारा माणूस म्हणून मराठी जनतेने त्यांना डोक्यावर घेतले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्राचे राज्य झाले, त्यात या राजीनाम्याचाही वाटा आहे.

येथे त्यांच्या स्वभावाचे मर्म दिसते. महाराष्ट्रात त्या वेळी त्यांच्या शब्दाला जे वजन आले होते, त्याचा उपयोग करून त्यांना १९५७ च्या निवडणुकीत उतरता आले असते आणि निवडून येणेही अवघड नव्हते. ते उतरले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाला १९५६ मध्ये कायद्याने वेगळे स्थान मिळाले, त्याचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि पुढची काही वर्षे विद्यापीठांची उभारणी, प्राध्यापकांच्या वेतनश्रेणी आणि ग्रंथालयांसाठी अनुदाने या कामात ते गढून गेले. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. नॅशनल बुक ट्रस्ट, हैदराबादचे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज, दिल्लीचे इंडिया इंटरनॅशनल सेंटर या संस्थांच्या घडणीत त्यांचा हात होता. १९५९ साली त्यांना शासकीय सेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी मद्रासमध्ये बोलताना त्यांनी आणखी एक मत मांडले आणि सत्ताधाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. वरिष्ठ पातळीवरील भ्रष्टाचाराची चौकशी करण्यासाठी स्वतंत्र, कायमस्वरूपी आणि निःपक्षपाती न्यायमंडळ असावे, अशी त्यांची मागणी होती. नेहरूंनी ती मान्य केली नाही. नेमकी प्रकरणे दाखवा, असा सरकारचा पवित्रा राहिला. पुढे १९६२ मध्ये संथानम समिती नेमली गेली, १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला, आणि लोकपालाचा कायदा होण्यास २०१३ साल उजाडावे लागले. चिंतामणरावांची सूचना काळाच्या किती पुढे होती, हे या तारखांवरूनच दिसते.

अशा माणसाचे नाव राष्ट्रपतिपदासाठी पुढे आले ते एका विचित्र परिस्थितीत. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे पदावर असताना निधन झाले आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी प्रभारी राष्ट्रपती झाले. काँग्रेसमध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी आणि पक्षसंघटनेतील ज्येष्ठ नेते यांच्यातील तेढ तेव्हा टोकाला गेली होती. जुलैमध्ये बंगलोरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाने पंतप्रधानांच्या मताविरुद्ध नीलम संजीव रेड्डी यांचे नाव निश्चित केले. त्यानंतर आठवड्याभरात मोरारजी देसाई यांच्याकडून अर्थखाते काढून घेण्यात आले, १९ जुलै रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि त्या वटहुकमावर सही करून गिरी यांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला व ते स्वतंत्र उमेदवार म्हणून उभे राहिले. त्या काळी राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागावे असे घटनेत स्पष्ट शब्दांत लिहिलेले नव्हते. ती दुरुस्ती १९७६ ची. त्यामुळे राष्ट्रपतिभवनात आपला माणूस नसला तर सरकार धोक्यात येईल, ही शंका दोन्ही गटांच्या मनात होती.

या दोन गटांपासून वेगळे राहू इच्छिणाऱ्या स्वतंत्र पक्षाने आणि जनसंघाने चिंतामणरावांना उभे केले. ते तेव्हा ७३ वर्षांचे होते. विरोधी पक्षांनी पक्षातीत लौकिकाचा माणूस पुढे करावा, याला दोन वर्षांपूर्वीचेच उदाहरण होते. १९६७ मध्ये सरन्यायाधीश के. सुब्बा राव पद सोडून झाकिर हुसेन यांच्याविरुद्ध उभे राहिले होते. पण १९६९ च्या वातावरणात असा भेद करण्यास कोणाला सवड नव्हती. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे, अशी सगळ्या राजकारणाची वाटणी झाली होती. इम्पीरियल बँक आणि आयुर्विमा सरकारी मालकीखाली आणणारा अर्थमंत्री राष्ट्रीयीकरणाच्या विरोधकांचा उमेदवार ठरला, आणि ही विसंगती कोणाला फारशी जाणवलीही नाही.

हा दोष इतरांचा होता तितकाच काही प्रमाणात चिंतामणरावांचाही होता. ज्या पक्षांनी त्यांना उभे केले त्यांची आर्थिक धोरणे त्यांना अनोळखी नव्हती. राष्ट्रपतिपद पक्षातीत आहे, म्हणून पाठिंबा कोणाचा आहे याला महत्त्व नाही, अशी भूमिका तत्त्वतः बरोबर असली तरी निवडणूक पक्षच लढवतात आणि मते पक्षांचीच असतात. आयुष्यभर पक्षांपासून अंतर राखलेल्या माणसाला या व्यवहाराची पुरती कल्पना आली नसावी, किंवा येऊनही त्याने ती दुर्लक्षिली असावी.

निकालाचा हिशेब मोठा बोलका आहे. या निवडणुकीत मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो, आणि खासदारांच्या व आमदारांच्या मतांना ठरावीक मूल्य असते. तेव्हा एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. १६ ऑगस्टला मतदान झाले आणि २० ऑगस्टला मोजणी. वैध मतांचे एकूण मूल्य ८,३६,३३७ भरले, म्हणजे विजयासाठी ४,१८,१६९ हवी होती. पहिल्या पसंतीची मते गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि चिंतामणरावांना १,१२,७६९ मिळाली. उरलेल्या सर्व उमेदवारांची मिळून जेमतेम साडेआठ हजार झाली. कोणालाच निम्म्याहून अधिक मते न मिळाल्याने खालच्या उमेदवारांना एकेक करून वगळण्यात आले आणि त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढच्या पसंतीची मते मोजली गेली. अखेर गिरी यांना ४,२०,०७७ आणि रेड्डी यांना ४,०५,४२७ मते पडली. राष्ट्रपतीची निवड पुढच्या पसंतीच्या मोजणीवर गेली, असे आजवर त्या एकाच वेळी घडले आहे.

या आकड्यांत चिंतामणरावांच्या उमेदवारीची सारी कथा आहे. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी स्वतंत्र आणि जनसंघ या पक्षांच्या नेत्यांना भेटून त्यांची दुसरी पसंती रेड्डी यांच्यासाठी मागितली होती. याच भेटींचा आधार घेऊन, मतदान तोंडावर आले असता, पंतप्रधानांच्या गटाने सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत देण्याचे आवाहन केले. प्रत्यक्षात रेड्डी यांच्या मतांत मोजणीअखेर ९१,८७९ ची भर पडली. ती बहुतांशी चिंतामणरावांच्या मतपत्रिकांवरूनच आलेली असणार, कारण इतर उमेदवारांकडे तेवढी मते नव्हतीच. गिरी यांना १८,५६२ अधिक मते मिळाली. इतर सर्व किरकोळ उमेदवारांची मते त्यांच्याकडे गेली असे धरले, तरी किमान दहा हजार मूल्याची मते चिंतामणरावांना पहिली पसंती देणाऱ्यांची होती, आणि तेवढी मिळाली नसती तर गिरी यांना आवश्यक आकडा गाठता आला नसता. विजयाचा आकडा त्यांनी ओलांडला तो १,९०८ मतांनी, म्हणजे चार खासदारांच्या मतांहून कमी मूल्याने. ज्या उमेदवाराचे नाव दोघांच्या भांडणात कोणी फारसे घेत नव्हते, त्याच्या मतपत्रिकांनी निवडणुकीचा निकाल ठरविला.

राजकारणाच्या इतिहासात या निवडणुकीची नोंद काँग्रेसच्या फुटीची नांदी म्हणून झाली आहे, आणि ती योग्यच आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये पक्ष दुभंगला. पण या नोंदीत चिंतामणराव येतात ते केवळ दुसऱ्या पसंतीचा साठा म्हणून. त्यांचे चरित्र काय होते, त्यांनी कशासाठी मंत्रिपद सोडले होते, भ्रष्टाचाराविषयी त्यांची मागणी काय होती, या गोष्टींची चर्चा त्या महिन्यात झाली असती, तर कदाचित निकाल तोच लागला असता. परंतु राष्ट्रपती कसा असावा, या प्रश्नावर देशाला विचार करावा लागला असता. ती संधी गेली.

पुढेही हेच घडत राहिले. १९८२ मध्ये न्यायमूर्ती एच. आर. खन्ना आणि १९८७ मध्ये न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर विरोधकांच्या वतीने उभे राहिले. त्यांच्या लौकिकाविषयी दुमत नव्हते आणि त्यांच्या पराभवाविषयीही कोणाला शंका नव्हती. २००२ साली पक्षाबाहेरचे ए. पी. जे. अब्दुल कलाम राष्ट्रपती झाले, कारण सत्ताधारी आघाडीनेच त्यांचे नाव सुचविले आणि काँग्रेसनेही पाठिंबा दिला. म्हणजे स्वतंत्र वृत्तीचा माणूस या पदाला चालतो, पण संख्याबळ असणाऱ्यांना तो हवा असेल तेव्हाच. महाराष्ट्राला पहिला राष्ट्रपती २००७ मध्ये प्रतिभा पाटील यांच्या रूपाने मिळाला.

पराभवानंतर चिंतामणरावांनी तक्रारीचा सूर लावला नाही. त्याच वर्षी त्यांच्या संस्कृत कवितांचा संग्रह प्रसिद्ध झाला. महायुद्धाच्या धामधुमीत, बँकेच्या गव्हर्नरपदावर असताना, कालिदासाच्या ‘मेघदूता’चे मराठी रूपांतर करणाऱ्या माणसाला हे साजेसेच होते. १९७४ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र निघाले. १९७५ मध्ये चिंतामणराव आणि दुर्गाबाई या दोघांनाही पद्मविभूषण मिळाले. मे १९८१ मध्ये दुर्गाबाई गेल्या. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे चिंतामणरावांचे निधन झाले.

त्यांच्या आयुष्याचा ताळेबंद मांडताना त्यांना न मिळालेल्या पदाचे दुःख करण्याचे कारण नाही. रिझर्व्ह बँक, स्टेट बँक, आयुर्विमा महामंडळ आणि विद्यापीठ अनुदान आयोग या चार संस्थांवर त्यांच्या हाताचा ठसा आहे, आणि शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांच्यापैकी क्वचितच कोणी असेल की ज्याचा यांतील एकाही संस्थेशी संबंध आलेला नाही. ध्यानात ठेवावयाची गोष्ट निराळी आहे. सार्वजनिक जीवनात उभ्या राहिलेल्या माणसाची पारख करताना त्याच्यामागे कोणाचे निशाण आहे हे पाहणे सोपे असते. त्याने अधिकार हाती असताना कोणाच्या हिताचे निर्णय घेतले आणि कोणत्या प्रसंगी तो अधिकार सोडून दिला, हे पाहण्यासाठी थोडे कष्ट घ्यावे लागतात. १९६९ मध्ये ते कष्ट फारसे कोणी घेतले नाहीत. राष्ट्रपतिपदासाठी यापुढे जी नावे लोकांसमोर येतील, त्यांच्या बाबतीत तरी ते घेतले जावेत.